विधि-परीक्षेतील समस्याप्रश्न आणि उपनयाचा लोप

विधिशास्त्राच्या परीक्षेतील प्रश्नांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात विषयाचे विवेचन मागितलेले असते. दुसऱ्यात काही व्यक्ती, काही घटना आणि एखादा दस्तऐवज पुढे ठेवून पक्षकारांचे हक्क ठरविण्यास सांगितलेले असते. या दुसऱ्या प्रकारास समस्याप्रश्न म्हणतात. पहिल्या प्रकारात पाठांतराने निभावून नेता येते. दुसऱ्यात तसे निभावत नाही, किंवा निभावू नये, अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा बहुतेक उत्तरपत्रिकांतून का पुरी होत नाही, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

समस्याप्रश्न कसा सोडवावा यासाठी एक सूत्र आज सर्वत्र शिकविले जाते. मुद्दा, नियम, उपयोजन आणि निष्कर्ष या चार पदांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘आयरॅक’ असे नाव पडले आहे. अमेरिकन विधिशाळांतून ते जगभर पसरले आणि आपल्याकडील मार्गदर्शिकांनीही ते उचलले. सूत्रात वावगे काही नाही. परकीय भाषेत किंवा नव्यानेच घडविलेल्या मराठी परिभाषेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास हाताशी एखादी चौकट असणे उपकारकच होय. आक्षेप सूत्रावर नसून त्याच्या वापरावर आहे. चार पदांपैकी तिसरे, म्हणजे उपयोजनाचे पद, उत्तरातून जवळजवळ गळून जाते आणि चौकट मात्र भरलेली दिसते. शीर्षक असते, त्याखाली मजकूरही असतो, पण तो मजकूर उपयोजनाचा नसतो.

हे तिसरे पद आपल्या परंपरेस अपरिचित नाही. नैयायिकांच्या पंचावयव वाक्यात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव असतात. पर्वतावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा, धूर हा हेतू, आणि जेथे धूर तेथे अग्नी ही स्वयंपाकघराच्या उदाहरणाने दाखविलेली व्याप्ती. पण एवढ्याने अनुमान पुरे होत नाही. हा समोरचा पर्वत तशाच धुराने युक्त आहे, असे पुन्हा त्या पर्वताकडे बोट दाखवून सांगावे लागते. तोच उपनय. सामान्य विधानापासून विशिष्ट वस्तूकडे परत येण्याची ही पायरी नैयायिकांनी स्वतंत्र अवयव म्हणून गणली, यात त्यांची सूक्ष्म दृष्टी दिसते. मीमांसकांच्या अधिकरणात विषय, संशय, पूर्वपक्ष आणि सिद्धान्त हा क्रम असतो. त्यातील पूर्वपक्षास आयरॅकमध्ये नाव घेऊन जागाच दिलेली नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात मीमांसेच्या अर्थनिर्णयाच्या नियमांना विस्तृत स्थान दिले, ते हे नियम कायद्याचा अर्थ लावण्याची साधने होत म्हणूनच. काणे स्वतः वकील होते आणि कायद्याचे अध्यापकही होते. तेव्हा चौकट पश्चिमेकडून घेतली तरी तिचे मर्म जाणण्यास लागणारी परिभाषा आपल्या घरचीच आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक समस्या रचून घेऊ. ती सावंतवाडी तालुक्यातील बांद्याची कल्पिली आहे. त्या मुलखात दोन विधिव्यवस्थांची सीमा अगदी दारात येऊन ठेपते, एवढेच तिच्या निवडीचे कारण. पेडणे महाल 18 व्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेला. त्यामुळे सोयरिकी, देवस्थाने आणि बाजार एकच राहिले, आणि वारसाहक्काचा कायदा तेवढा निराळा झाला. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता चालली व मुक्तीनंतरही चालू राहिली. 1956 चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम तेथे लागू झाला नाही. सीमेच्या अलीकडे तो लागू आहे.

समस्या अशी: ‘अ’ हा पेडणे येथे हिंदू कुटुंबात जन्मलेला गृहस्थ. पेडण्यातच त्याचा विवाह झाला. विवाहानंतर त्याने बांदा येथे दुकान काढले, घर विकत घेतले आणि काजूची बाग केली. पेडण्याचे मूळ घर भावाकडे राहिले. ‘अ’ दर चतुर्थीला तेथे जात असे आणि त्याचे मतदान अखेरपर्यंत पेडण्यातच होते. बांद्याच्या मिळकतीखेरीज त्याची दुसरी मिळकत नव्हती. पत्नी पूर्वीच निवर्तली होती. 2014 मध्ये तो बांदा येथे मरण पावला. मृत्युपत्रान्वये त्याने घर व बाग ही दोन्ही भावाच्या मुलास, म्हणजे ‘ब’ यास, दिली. ‘अ’ ची मुलगी ‘क’ हिने सावंतवाडी येथील न्यायालयात दावा लावला आहे. तिचा एक भाऊ हयात आहे. पक्षकारांचे हक्क ठरवा.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर कसे असते याचा नमुना पाहू. नमुना रचलेला आहे, पण परीक्षकांस तो अनोळखी वाटणार नाही. ‘मुद्दा: मुलीचा वारसाहक्क. नियम: हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 30 अन्वये कोणतीही हिंदू व्यक्ती आपल्या मिळकतीची मृत्युपत्राने विल्हेवाट लावू शकते. मात्र गोव्यातील व्यक्तींना पोर्तुगीज नागरी संहिता लागू होते व सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तसा निर्णय दिला आहे. उपयोजन: वरील नियम प्रस्तुत प्रकरणास लागू होतो. ‘अ’ हा गोव्याचा असल्यामुळे त्यास संहिता लागू होईल. निष्कर्ष: म्हणून ‘क’ हिचा दावा मंजूर होईल.’

उत्तरात चुकीचे असे फारसे नाही. नियम बरोबर आहेत, निर्णयाचा उल्लेख आहे, निष्कर्षही समर्थनीय आहे. तथापि ‘वरील नियम प्रस्तुत प्रकरणास लागू होतो’ हे वाक्य कोणत्याही उत्तरात, कोणत्याही विषयात जसेच्या तसे बसविता येते, आणि जे वाक्य सर्वत्र बसते ते येथे काहीच करीत नाही. ‘गोव्याचा असल्यामुळे’ या दोन शब्दांत तर सगळा वादच गृहीत धरून टाकलेला आहे. बांद्यास दुकान, घर व बाग असणारा आणि तेथेच देह ठेवणारा मनुष्य ‘गोव्याचा’ कसा, हेच तर ठरवावयाचे होते.

प्रथम मुद्द्याचा विचार करू. ‘मुलीचा वारसाहक्क’ हा मुद्दा नव्हे, ते प्रकरणाचे शीर्षक झाले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 14 मध्ये मुद्द्याची जी कल्पना आहे ती विद्यार्थ्यांनी मनावर घेण्यासारखी आहे: एका पक्षाने प्रतिपादिलेले आणि दुसऱ्याने नाकारलेले महत्त्वाचे विधान म्हणजे मुद्दा. मीमांसकांचा संशय याच जातीचा, दोन कोटींमध्ये हेलकावणारा. ‘मृत्यूसमयी अ याचा अधिवास गोव्याचा होता काय?’ असे विचारले की होय म्हणणारा व नाही म्हणणारा असे दोघे डोळ्यांपुढे उभे राहतात. ‘गोव्यात अधिवास असणाऱ्या हिंदूच्या महाराष्ट्रातील स्थावरास गोव्याचा उत्तराधिकार कायदा लागतो काय?’ हा दुसरा मुद्दा. ‘लागत असल्यास मृत्युपत्र किती हिश्शापुरते टिकते?’ हा तिसरा. हे तीन मुद्दे एकाच ‘उपयोजना’त कोंबता येत नाहीत. सूत्र प्रत्येक मुद्द्यास स्वतंत्रपणे चालवावे लागते. उत्तरभर ते एकदाच चालविण्याची जी प्रथा पडली आहे तिच्यामुळेच उपयोजनाचा परिच्छेद इतका ढोबळ होतो.

आता अधिवासाचा उपनय करून पाहू. येथे एक सापळा आहे. बहुतेक विद्यार्थी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधील अधिवासविषयक कलमे उद्धृत करतील. परंतु तो भाग मृत व्यक्ती हिंदू असल्यास लागू होत नाही, असे त्याच भागाच्या कलम 4 मध्ये सांगितले आहे. म्हणून आधार घ्यावयाचा तो सर्वसामान्य तत्त्वांचा: जन्माने मिळालेला अधिवास सहजासहजी सुटत नाही, नवा अधिवास मिळण्यास प्रत्यक्ष वास्तव्य आणि तेथेच कायमचे राहण्याचा संकल्प ही दोन्ही लागतात. एवढा नियम सांगून थांबले तर तो कोरडा राहतो. यापुढे समस्येतील एकेक गोष्ट हातात घेऊन ती कोणत्या पारड्यात पडते हे सांगावे लागते. दुकान हे व्यवसायाचे लक्षण आहे, संकल्पाचे नव्हे. व्यापारासाठी माणसे पिढ्यानपिढ्या परगावी राहून मूळ गावची राहिलेली कोकणात उदंड आहेत. घर विकत घेणे हे अधिक वजनदार. बाग तर त्याहून अधिक, कारण काजूची लागवड करणारा पुढील अनेक वर्षांचा हिशेब मनात धरून असतो. उलट पक्षी चतुर्थीला मूळ घरी जाणे यास फारसे महत्त्व देता येणार नाही. मुंबईचा कायम रहिवासी झालेला चाकरमानीही गणपतीला गावी जातोच. मात्र मतदान पेडण्यातच ठेवले, ही गोष्ट वेगळी पडते. ती रूढीने घडलेली नाही. प्रयत्नपूर्वक राखलेली आहे. अशा रीतीने तोलून कोणी गोव्याकडे झुकेल, कोणी बांद्याकडे. दोन्ही उत्तरांस पूर्ण गुण देता येतात. ज्याने पारडी हाती घेतली नाहीत त्याचा निष्कर्ष बरोबर ठरला तरी त्यास अर्धेही गुण देणे कठीण वाटते.

येथेच पूर्वपक्षाची जागा आहे. ‘ब’ चा वकील म्हणेल की, राज्याचा अधिवास अशी वस्तूच भारतात नाही; सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये डॉ. प्रदीप जैन यांच्या प्रकरणात भारतात एकच अधिवास असतो, तो भारताचा, असे म्हटले आहे. आक्षेप वजनदार आहे आणि तो दडवून ठेवण्यात शहाणपण नाही. त्याचे उत्तर असे देता येईल की, ते प्रकरण वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेशासंबंधीचे होते. उत्तराधिकाराचा वैयक्तिक कायदा प्रदेशपरत्वे भिन्न असल्यास कोणता प्रदेश लागू, हा प्रश्न तेथे निर्णयास आलेला नव्हता. 2019 च्या निर्णयात गोव्याचा अधिवास धरूनच न्यायालय पुढे गेले आहे. सूत्राच्या चार पदांत हा संवाद कोठे घालावा, असे विद्यार्थी विचारतात. तो उपयोजनातच घालावयाचा; किंबहुना त्याच्याशिवाय उपयोजन एकाक्ष होते.

दुसऱ्या मुद्द्यावर होझे पावलो कुतिन्यो विरुद्ध मारिया लुइझा व्हॅलेंतिना परेरा हा 13 सप्टेंबर 2019 चा निर्णय येतो. गोव्यात अधिवास असणाऱ्या व्यक्तीच्या मुंबईतील घरासंबंधीचा तो वाद होता. संहितेचा उगम परकीय असला तरी 1962 च्या संसदीय अधिनियमाने ती चालू ठेवल्यामुळे ती भारतीय कायदाच होय, गोव्याच्या अधिवासींसाठी ती विशेष कायदा होय, आणि म्हणून अशा व्यक्तीच्या भारतात कोठेही असलेल्या मिळकतीस ती लागू होते, असे न्यायालयाने ठरविले. विद्यार्थी निर्णयाचे नाव लिहितो आणि सुटकेचा श्वास टाकतो. परंतु नाव लिहिणे हे उदाहरण झाले, उपनय नव्हे. त्या प्रकरणातील कुटुंब ख्रिस्ती होते आणि संहितेच्या समोर उभा होता तो भारतीय उत्तराधिकार अधिनियम. आपल्या समस्येतील ‘अ’ हिंदू आहे. समोर हिंदू उत्तराधिकार अधिनियम आहे. हा फरक निर्णायक आहे काय? निर्णयाचा आधार धर्मावर नसून विशेष कायदा व सर्वसाधारण कायदा यांच्या नात्यावर आहे, आणि संहिता गोव्यातील सर्व धर्मीयांस लागू होती, असे दाखवून फरक ओलांडता येतो. ओलांडावा की नाही हे विद्यार्थ्याने ठरवावे. पण फरक दिसला आहे हे त्याने कागदावर दाखविलेच पाहिजे.

तिसऱ्या मुद्द्यात समस्येतील एक लहानसे वाक्य जागे होते. ‘पत्नी पूर्वीच निवर्तली होती’ हे वाक्य बहुतेक जण वारसांची यादी आटोपशीर करण्यासाठी घातले आहे असे समजून सोडून देतात. गोव्याच्या व्यवस्थेत विवाहपूर्व करार नसल्यास पतिपत्नींची मिळकत समाईक होते. विवाह पेडण्यातील, खरेदी विवाहानंतरची; तेव्हा घर व बाग यांत निम्मा वाटा पत्नीचा होता, आणि तिच्या मृत्यूबरोबर तो मुलांकडे गेला, असे प्रतिपादन करता येते. मग ‘अ’ ची म्हणून उरली ती निम्मीच मिळकत. संहितेप्रमाणे अपत्ये असताना मृत्युपत्राने निम्म्याहून अधिक देता येत नाही. उरलेला निम्मा हिस्सा अपत्यांसाठी राखीव असतो. म्हणजे ‘ब’ च्या पदरी पडतो तो सबंध मिळकतीचा चौथा हिस्सा. अधिवास बांद्याचा ठरला तर कलम 30 प्रमाणे मृत्युपत्राची सत्ता निम्म्यापुरती मर्यादित राहत नाही. विवाहकालीन समाईकतेचा प्रश्न मात्र त्यानंतरही डोके वर काढतोच, कारण तो उत्तराधिकाराचा नसून विवाहाने निर्माण झालेल्या मालकीचा आहे. ‘दावा मंजूर होईल’ या नमुन्यातील निष्कर्षाचा उणेपणा आता ध्यानात यावा. दावा किती मंजूर होईल, हेच ‘क’ ला हवे आहे.

एखादी आवश्यक गोष्ट समस्येत दिलेलीच नसेल तर काय करावे? विवाहपूर्व करार होता की नव्हता हे वरील समस्येत सांगितलेले नाही. अशा वेळी विद्यार्थी एकतर ती गोष्ट मनाने कल्पितो किंवा तिच्याकडे पाठ फिरवितो. आपल्या शास्त्रकारांचा अभ्युपगमवाद येथे उपयोगी पडतो: वादापुरते असे धरून चालू, म्हणजे हे फळ, तसे धरून चालू, म्हणजे ते फळ. दोन वाटा दाखवून प्रत्येकीचा शेवट सांगणे हे अनिश्चिततेचे लक्षण नव्हे. मात्र दहा वाटा फोडून एकाही वाटेने शेवटपर्यंत न जाणे, हा त्याचा दुरुपयोग हुशार विद्यार्थीच अधिक करतात.

नियम प्रथम आठवून मग घटना त्यात बसवीत जाण्याची सवय किती दूर नेते, याचे उदाहरण सावंतवाडी तालुक्यातच आहे. आंबोली, चौकुळ व गेळे या गावांतील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न संस्थानी काळातील कबुलायतीतून उद्भवलेला आणि दीर्घकाळ वादात राहिलेला. अशा धारणेवर प्रश्न घातला तर जमीन कसणारा म्हणताच विद्यार्थ्याच्या लेखणीतून 1948 चा कुळकायदा, कलम 32 आणि 1 एप्रिल 1957 चा कृषिदिन एका दमात उतरेल. गावकर हा कूळ आहे काय, हा प्रश्न मात्र पडणारच नाही. कबुलायत कोणी, कोणास, कोणत्या जबाबदारीसह लिहून दिली, हे पाहिल्याशिवाय त्याला कोणत्याही वर्गात टाकता येत नाही.

उत्तरातील क्रमाविषयी अनावश्यक वाद घातला जातो. निष्कर्ष आधी की कारणे आधी? आपल्या दिवाणी न्यायालयांतील मराठी निकालपत्रांत मुद्दे आणि त्यांपुढे निष्कर्ष असा तक्ता प्रथम येतो, आणि कारणमीमांसा त्यानंतर. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 20 प्रकरणाचा संक्षेप, मुद्दे, निर्णय आणि कारणे ही सर्व मागतो. नैयायिक प्रतिज्ञेने आरंभ करून निगमनात तीच सिद्ध झालेली दाखवितात. तेव्हा दोन्ही पद्धतींस आधार आहे व परीक्षकाने क्रमासाठी गुण कापू नयेत. ‘कारणमीमांसा’ हा शब्द मात्र ‘उपयोजना’हून सरस वाटतो, त्याखाली एका ओळीचे विधान लिहिताना लेखकाला थोडा तरी संकोच होईल.

दोष केवळ विद्यार्थ्यांकडे देणे न्याय्य होणार नाही. समस्याप्रश्न काढण्याची आपली रीत अशी की, एखादा प्रसिद्ध निर्णय घ्यावयाचा, पक्षकारांची नावे बदलावयाची, आणि निर्णयास न लागणाऱ्या घटना छाटून टाकावयाच्या. उरतो तो सांगाडा. त्यात निर्णय ओळखण्यापलीकडे काही करण्यासारखे शिल्लक नसते. मग विद्यार्थी निर्णय ओळखतो, नाव लिहितो, आणि आदर्श उत्तरात तेच नाव असल्यामुळे गुण मिळवितो. अशा प्रश्नास उपनयाची गरजच नाही. त्याचा लोप प्रश्नपत्रिकेतच झालेला आहे. चतुर्थी, मतदान, काजूची बाग असल्या कोणत्याच निर्णयातून न आलेल्या घटना समस्येत ठेवल्या तरच त्या तोलण्याचे काम उत्तरात उतरेल. बांद्याहून एखादी ‘क’ वकिलाकडे येते तेव्हा ती निर्णयाचे नाव घेऊन येत नाही. ती चतुर्थीपासूनच सांगावयास आरंभ करते.

प्रश्न काढणाऱ्यांसाठी एक सूचना करावीशी वाटते. वरील समस्येत मृत्यूचे वर्ष 2014 ऐवजी 2021 करावे, बाकी अक्षरही बदलू नये. गोव्याचा स्वतंत्र उत्तराधिकार अधिनियम 22 डिसेंबर 2016 पासून अमलात आला. राखीव हिश्शाचे तत्त्व त्याने कायम ठेवले, परंतु तो राज्य विधानमंडळाचा कायदा आहे. 2019 च्या निर्णयात संहितेस गोव्याबाहेरील मिळकतीपर्यंत पोचविणारा दुवा होता तो 1962 चा संसदीय अधिनियम. तो दुवा येथे आहे काय? एका राज्याच्या कायद्याने दुसऱ्या राज्यातील बागेचे वाटप ठरवावयाचे तर संविधानाच्या अनुच्छेद 245 मधील प्रादेशिक मर्यादेचे काय? अधिवास हा पुरेसा संबंध मानता येईल काय? ‘ब’ आणि ‘क’ या दोघांच्याही बाजूने यावर गंभीरपणे लिहिता येते. बांद्याच्या मिळकतीचा वाद सावंतवाडीहून वर गेल्यास, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर येथे बसू लागलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे तो येईल. गोव्याचे खंडपीठही त्याच उच्च न्यायालयाचे. एका आकड्याच्या या बदलाने पहिल्या वर्षाच्या उत्तराची नक्कल निरुपयोगी होते. दोन्ही वर्षांच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवून वाचल्या तर कोणी समस्या वाचली आणि कोणी केवळ ओळखली, हे परीक्षकास निराळे विचारावे लागणार नाही.